आधी व्यवहार, मग चव

पुण्यातल्या एका छोट्या रोस्टरीत मी कॉफी भाजण्याचं काम करते. तोडणीच्या हंगामात मळ्यांवर जाऊन हिरवी, म्हणजे न भाजलेली कॉफी निवडायची, उरलेलं वर्ष ती भाजायची, चाखायची आणि कॅफेवाल्यांना नि घरी कॉफी करणाऱ्यांना तिच्याशी कसं वागायचं ते सांगायचं, असा माझ्या कामाचा पसारा. ओळखीचे लोक विचारतात, "एवढं काय असतं गं कॉफीत?" त्यांच्या डोळ्यांसमोर असतो कपातल्या फेसावरचा नक्षीदार मोर, गिलावा न केलेली विटांची भिंत आणि लॅपटॉप उघडून बसलेली मुलं. तेही आहेच. पण या कामात जितकी मुरत गेले, तितकं माझं एक मत पक्कं होत गेलं. कॉफीची संस्कृती कॅफेत दिसते, पण घडते मळेवाला आणि उद्योजक यांच्यातल्या व्यवहारात. कोण कोणाला कशासाठी पैसे देतं, केव्हा देतं, आणि माल विकला गेल्यावर त्याची चव कशी लागली हे पिकवणाऱ्याला परत येऊन कोण सांगतं, यावर कपातली कॉफी ठरते.

मराठी घराला कॉफी नवी नाही. भरपूर दूध, सढळ साखर आणि वरून किसलेलं जायफळ, अशी कॉफी आमच्या आजोळी पाहुण्यांसाठी आणि जागरणाच्या रात्रींसाठी व्हायची. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपालीत, मुंबईत माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत फिल्टर कॉफीवर पिढ्या वाढल्या. माटुंग्यात तर दुकानासमोर उभं राहून ताजी पूड दळून घेण्याची सवय जुनी आहे. 'ऐंशी-वीस' म्हटलं की दुकानदाराला कळतं: ऐंशी टक्के कॉफी, वीस टक्के चिकोरी. कायद्यानं अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते. गिऱ्हाईक हे प्रमाण चोखंदळपणे सांगायचं, पूड किती बारीक हवी तेही सांगायचं. पण ही कॉफी कोणत्या डोंगरावरची, कोणत्या मळ्यातली, हे कोणी विचारत नसे. विचारलं असतं तरी दुकानदाराला सांगता आलं नसतं.

त्याचं कारण दुकानदाराच्या हातात नव्हतं. १९४२ साली, महायुद्धानं परदेशी बाजार तुटलेले असताना, कॉफी कायदा आला आणि मळेवाल्यांनी आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात, म्हणजे 'पूल'मध्ये, जमा करायची पद्धत सुरू झाली. बोर्ड प्रतवारी करायचं, लिलाव करायचं, आणि मळेवाल्याला पैसे हप्त्याहप्त्यानं मिळायचे. कोसळत्या बाजारात या व्यवस्थेनं मळे तगवले, ते ऋण मोठं आहे. पण एकदा पोतं पूलमध्ये गेलं की ते कोणाचं हे पुसलं जायचं. पिकलेली फळं वेचून काढणारा आणि फांदी ओरबाडणारा, प्रत सारखी लागली की दोघांना दर सारखाच. मग जास्तीची मेहनत कोण करणार? १९९०च्या दशकात ही बंधनं टप्प्याटप्प्यानं सैल झाली आणि १९९६पर्यंत मळेवाला आपली सगळी कॉफी हव्या त्या माणसाला विकायला मोकळा झाला. त्याच वर्षी बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. कॉफी बोर्डात गुणवत्ता विभाग सांभाळलेल्या सुनलिनी मेनन यांनीही त्याच दशकात बंगळूरला 'कॉफीलॅब' सुरू केली. मळेवाल्याला आपला नमुना तिथे नेऊन त्यात काय चांगलं, काय बिघडलंय, हे जाणकाराकडून समजून घेता येऊ लागलं. दुकानांची गर्दी सगळ्यांना दिसली, पण माझ्या लेखी या प्रयोगशाळेचं महत्त्व जास्त आहे.

पुढचं मोठं पाऊल पडलं २०१३ साली. दिल्लीत मॅट चित्तरंजन आणि नम्रता अस्थाना यांनी ब्लू टोकाई सुरू केलं आणि पाकिटावर मळ्याचं नाव नि भाजल्याची तारीख छापली. आज हे सर्रास दिसतं, म्हणून त्यातलं धाडस लक्षात येत नाही. तारीख छापली की शिळा माल खपवता येत नाही, थोडं थोडं भाजावं लागतं, उरलं तर तोटा सोसावा लागतो. मळ्याचं नाव छापलं की पुढच्या वर्षी गुपचूप दुसरीकडची स्वस्त कॉफी त्या पाकिटात भरता येत नाही. दोन ओळींनी उद्योजकानं स्वतःलाच बांधून घेतलं. आमच्यासारख्या कितीतरी लहान रोस्टऱ्या त्याच वाटेनं पुढे आल्या.

आमच्या मालकीणबाईंना आम्ही सगळे ताईच म्हणतो. त्यांच्याबरोबर पहिल्यांदा चिकमगळूरला गेले तेव्हा डिसेंबर होता, अरेबिकाची तोडणी भरात होती. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झुडपं, ओकच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल आणि काळपट पडू लागलेली फळं शेजारी शेजारी असतात. मनगट वळवून सगळी फांदी एका झटक्यात ओरबाडली की टोपली भराभर भरते. फक्त लाल फळं वेचायची तर त्याच झुडपाकडे तीन-चार वेळा परत यावं लागतं. तोडणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी किलोवर मिळते. म्हणजे जी बाई डोळ्यांत तेल घालून वेचेल तिचीच कमाई कमी! हे गणित बदलल्याशिवाय चव बदलत नाही, हे मला तिथे, त्या उतारावर उभं राहून कळलं.

ज्यांच्या मळ्यावर आम्ही गेलो होतो, त्या गृहस्थांच्या घराण्यात कॉफी पिढ्यान्‌पिढ्या आहे. वडील पूलला माल देत, तेही पुढे व्यापाऱ्याला देत. रोज प्यायचे ती गावातल्या दुकानातली चिकोरीमिश्रित पूड. ताईंनी त्यांच्याच मळ्यातल्या दोन नमुन्यांचं कपिंग ओसरीवरच मांडलं. प्रत्येक वाडग्यात सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड, त्यावर दीडशे मिलिलिटर पाणी, उकळून किंचित निवलेलं, ९३ अंशांच्या आसपासचं. चार मिनिटांनी वर जमलेला पुडीचा थर चमच्यानं मोडायचा आणि नाक अगदी वाडग्याशी न्यायचं. मग थोडी निवली की चमच्यानं जोरात भुरका मारायचा, म्हणजे ती जिभेवर आणि टाळूवर पसरते. एका वाडग्यात नेहमीच्या सरसकट तोडणीची कॉफी होती, दुसऱ्यात मुद्दाम वेचून घेतलेल्या पिकल्या फळांची. जमीन तीच, झाडं तीच, वाण तेच: बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रानं १९४०च्या दशकात दिलेलं एस ७९५.

गृहस्थांनी पहिला भुरका घेतला, मान हलवली. दुसऱ्या वाडग्यापाशी थांबले. पुन्हा पहिल्याकडे गेले, पुन्हा दुसऱ्याकडे आले. मग आत हाक मारून पत्नीला बोलावलं, मळ्यावरच्या रायटरला बोलावलं. तिथे मजुरांची हजेरी नि काम बघणाऱ्या मुकादमाला रायटर म्हणतात. पहिल्यात कच्च्या फळांचा तुरटपणा होता, घशात खरखर राहत होती. दुसऱ्यात संत्र्यासारखी आंबटगोडी होती आणि पाठोपाठ गुळाची चव. सगळ्यांना फरक कळला. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "चव पटली. आता या तोडणीची मजुरी कोण देणार, ते सांगा."

इतका रास्त प्रश्न मी या धंद्यात क्वचितच ऐकला आहे. ताईंनी उत्तर कागदावर दिलं. तोडणी सुरू होण्याआधी दर ठरला, तो बाजारभावापेक्षा चढा होता. त्यातली काही रक्कम आगाऊ दिली, म्हणजे वेचणीच्या मजुरीसाठी त्यांना कर्ज काढायला नको. पिकल्या फळांसाठी मजुरीचा वेगळा दर लागेल, हेही त्यात लिहिलं. आणि माल भाजून झाल्यावर प्रत्येक पोत्याची चव कशी निघाली ते कळवण्याची जबाबदारी आमच्यावर घेतली. ती जबाबदारी आजही माझ्याकडे आहे. कोणत्या आठवड्यातला माल जास्त आंबवला गेला, कोणत्या पोत्यात ओल राहिली होती, ते मी लिहून पाठवते. पुढच्या हंगामात टाकीतला आंबवण्याचा वेळ कमी झालेला असतो, वाळवणीच्या मांडवांवर फळांचा थर पातळ झालेला असतो. संस्कृती म्हणून जे काही म्हणतात, ते माझ्या अनुभवात अशा पत्रव्यवहारातून तयार झालं आहे.

व्यवहारातल्या अडचणी अगदी जमिनीवरच्या असतात. कॉफीचं वरचं टरफल काढून प्रतवारी करणारे कारखाने, ज्यांना तिथे क्युरिंग वर्क्स म्हणतात, ते मोठ्या मालासाठी उभे राहिलेले. पाच-सहा पोत्यांचा वेगळा लॉट त्यांच्या यंत्रातून काढायचा म्हणजे आधी यंत्र रिकामं करणं आलं, नाहीतर दुसऱ्याचे दाणे मिसळतात. सुरुवातीला कोणी त्यासाठी तयार होईना. उद्योजकांनी जादा पैसे मोजले, वाट पाहिली, काहींनी मळ्यावरच लहान यंत्रं बसवायला मदत केली, तेव्हा छोटे लॉट वेगळे राहू लागले. भांडवलाचं ओझंही तसंच. अरेबिकाचं पीक वर्षातून एकदा येतं. वर्षभराची कॉफी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घेऊन ठेवायची आणि पैसे सुटतात पुढचे बारा महिने, पाकिटापाकिटानं. बँकेला यंत्र तारण म्हणून समजतं, गोदामातली चव समजत नाही. ताईंच्या चेहऱ्यावरचा मार्चमधला ताण मी दरवर्षी पाहते.

आता भाजण्याचं सांगते, कारण माझा जीव त्यात आहे. ड्रम १८० ते २०० अंशांपर्यंत तापवून हिरवे दाणे आत सोडले की काट्यावरचा आकडा आधी झरझर खाली येतो, तळाला टेकतो आणि हळूहळू वर चढतो. पहिली काही मिनिटं वास ओल्या गवताचा. दाणे पिवळे पडले की भाजत्या पावाचा. १९५ अंशांच्या आगेमागे आतली वाफ दाणा फोडते आणि लाह्या फुटल्यासारखी तडतड ऐकू येते. याला आम्ही फर्स्ट क्रॅक म्हणतो. तिथून पुढची एक-दोन मिनिटं सगळं ठरवतात. लवकर काढली तर कच्चट, धान्यासारखी लागते. रेंगाळली तर मळ्यात कमावलेली आंबटगोडी जळून जाते आणि उरतो तो भाजल्याचा कडवटपणा, जो कोणत्याही कॉफीला आणता येतो. फार काळी भाजण्याची जुनी रीत एका अर्थानं सोयीची होती, कारण तिच्यात मालाचे दोष झाकले जातात. आमची कॉफी त्या मानानं हलकी भाजलेली, म्हणून मळ्यावर झालेली हयगय कपात लपत नाही आणि मळ्यावर झालेली कसोशीही वाया जात नाही.

घटही समजून घ्यायला हवी. साधारण सहा किलो फळांतून एक किलो हिरवी कॉफी निघते. भाजताना तिचं वजन पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरतं, हाती साडेआठशे ग्रॅम येते. कपाला पंधरा ग्रॅम धरले तर साधारण छप्पन कप. म्हणजे एका कपासाठी कोणीतरी शंभर ग्रॅमहून जास्त लाल फळं एकेक करून खुडलेली असतात. कपाची किंमत ऐकून भुवया उंचावणाऱ्या माणसाला मी हा हिशेब न चिडता सांगते, आणि बहुतेकांना तो पटतो.

पुण्यात हे रुजवताना आम्ही शिकवलं त्याहून जास्त शिकलो. उपनगरातल्या एका कॅफेत आमची कॉफी पाणचट नि खडूसारखी लागू लागली. पूड तीच, यंत्र तेच. उन्हाळा होता, सोसायटीला टँकर सुरू झाले होते. जड पाण्यात कॉफीची चव नीट उतरत नाही. पाण्याचा फिल्टर बसवला आणि प्रश्न सुटला. तेव्हापासून कॅफे उघडणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारते, पाणी कुठलं?

एक आजी दुकानात यायच्या. घरचा पितळी फिल्टर, रोज सकाळची कॉफी दुधासाखरेची. त्यांनी आमची अरेबिका नेली आणि आठवड्यानं परत येऊन सांगितलं, "वास छान आहे गं, पण दुधात टिकत नाही." काउंटरवरचा मुलगा त्यांना कॉफी बिनदुधाची पिऊन बघा म्हणणार होता. ताईंनी त्याला थांबवलं आणि आजींना बसवून घेतलं. त्या किती पूड घेतात, दूध किती घालतात, सगळं विचारलं. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के रोबस्टा असते. तिला दुय्यम मानायची रीत आहे, पण पिकली फळं वेचून, नीट धुऊन, सावकाश वाळवलेली रोबस्टा दुधात भक्कम उभी राहते. कापी रॉयल ही तिची वरची प्रत तर जगभर नावाजलेली. तशी रोबस्टा घेऊन, थोडी गडद भाजून, चिकोरी न घालता आम्ही फिल्टरची पूड बनवली. आजींना दिली, त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्याही केल्या. आज ती पूड आमच्याकडे सर्वांत जास्त खपते. दूध-साखर घालणारा माणूस अडाणी, असं मानणारा उद्योजक आपल्याकडच्या कॉफीचं काहीच घडवू शकत नाही. घराघरातली सवय हाच पाया धरायचा असतो. जायफळ घालणाऱ्यांनाही मी आता कोणती कॉफी घ्या ते आनंदानं सांगते.

या सगळ्याची कसोटी लागली ती भाव चढल्यावर. डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिकानं १९७७चा उच्चांक मोडला. ब्राझीलमधला दुष्काळ आणि व्हिएतनाममधली रोबस्टाची तूट ही त्यामागची मोठी कारणं. चिकमगळूर आणि कोडगूत व्यापारी दारात येऊन रोख भाव देऊ लागले, आणि सरसकट तोडलेल्या साध्या कॉफीचा दर आमच्या ठरलेल्या चढ्या दराच्याही वर गेला. करार दाखवून माल मागता आला असता. ताई तसं न करता मळ्यावर गेल्या आणि दर पुन्हा ठरवायला स्वतःहून बसल्या. काही मळेवाल्यांनी बराचसा माल व्यापाऱ्याला दिला. इतक्या वर्षांनी त्यांच्या बाजूचा भाव आला होता, त्यांचा तो हक्कच होता. पण ज्यांच्याशी चवीचा पत्रव्यवहार होता, त्यांनी वेचलेला लॉट आमच्यासाठी राखून ठेवला. इकडे आम्ही पाकिटाची किंमत वाढवली आणि का वाढवली ते गिऱ्हाइकांना लिहून कळवलं. काहींनी लहान पाकीट घ्यायला सुरुवात केली, पण सोडून गेले ते थोडेच. लहान खरेदीदाराकडे मोठ्या व्यापाऱ्याइतका पैसा कधीच नसणार. त्याच्याकडे दिलेला शब्द आणि परत कळवलेली चव, एवढीच पुंजी असते, आणि अडचणीच्या वर्षी ती कामाला येते.

हे एकाच साच्यात होतं असं नाही. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात नांदी फाउंडेशननं हजारो लहान आदिवासी शेतकऱ्यांना सहकारात बांधून त्यांच्या कॉफीला नाव मिळवून दिलं, २०१७ साली थेट पॅरिसमध्ये दुकान उघडलं. मुंबईत सबको, नागपुरात कॉरिडॉर सेव्हन अशा रोस्टऱ्यांनी आपापल्या गावाची रीत पकडून काम उभं केलं. नागपूरचं मला विशेष वाटतं, कारण महाराष्ट्रातलं कॉफीचं जुनं ठिकाण तिकडेच, अमरावती जिल्ह्यात आहे. चिखलदऱ्याला, मेळघाटाच्या उंचीवर, ब्रिटिशांच्या काळापासून कॉफी आहे. पीक थोडं, पण झाडं आपल्या मातीत उभी आहेत. तिथल्या पिकल्या फळांना नीट दर देणारं कोणी भेटलं, तर विदर्भाची म्हणून एक कॉफी आपल्याला चाखता येईल, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

एक काम मात्र आम्हा सगळ्यांचं अपुरं आहे. पाकिटावर मळ्याचं नाव आलं, उंची आली, वाण आलं. खुडणाऱ्या हातांचा उल्लेख अजून कुठेच नाही. हे मजूर उत्तर कर्नाटकातून येतात, आसाम-झारखंडातून येतात, हंगाम संपला की जातात. सगळ्या साखळीत कौशल्याचं पहिलं काम त्यांचं, आणि सर्वांत कमी वाटाही त्यांचाच. करारात वेचणीचा वेगळा दर लिहिला तरी तो प्रत्यक्ष त्यांच्या हातात पडतो का, हे बघणं माझ्या कामाचा भाग आहे असं मी धरते. म्हणून मळ्यावर गेले की रायटरची हजेरीवही मागून बघते आणि बायकांशी बोलते. सगळ्यांना ते आवडत नाही. पण लाल फळांचा जादा दर आम्ही आमच्या गिऱ्हाइकांकडून त्यांच्या नावानं घेतला आहे, तो त्यांच्यापर्यंत पोचलाच पाहिजे.

हल्ली कॅफे काढायला निघालेली तरुण मुलं सल्ला विचारायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा यंत्राचा असतो: इटलीचं घ्यावं की इथलं, ग्राइंडर कोणता. मला त्यांचा उत्साह फार आवडतो आणि मी सगळं सांगते. पण त्याआधी त्यांना एक हंगाम मळ्यावर राहून यायला सांगते. कॉफी कोणाकडून घ्यायची, काय दर द्यायचा, तो केव्हा द्यायचा आणि भाव चढला-पडला तर काय करायचं, एवढं लिहून काढा म्हणते. हे ज्याचं ठरलं, त्याला यंत्र निवडायला मी स्वतः बरोबर जाते.